जुन्या रेल्वे-डब्यांच्या प्रतिकृती आणि ‘योग्य’ रंगाचा प्रश्न : एक पाठचिकित्सक विचार

गोषवारा

जुन्या रेल्वे-डब्यांच्या लघुप्रतिकृतींचा मूळ रंग कोणता, हा प्रश्न वरवर पाहता छंदाच्या कक्षेतील वाटतो. वस्तुतः तो इतिहासलेखन, रसायनशास्त्र, प्रकाशशास्त्र आणि भाषा या चारही क्षेत्रांना स्पर्श करणारा आहे. प्रस्तुत लेखात मराठी अभ्यासकाला परिचित असलेल्या पाठचिकित्सेच्या पद्धतीने या प्रश्नाची मांडणी केली आहे. प्रतिकृतीचा स्वतःचा मूळ रंग आणि तिने अनुकरण केलेल्या खऱ्या डब्याचा रंग ही दोन वेगळी सत्ये असून त्यांची गल्लत हाच या क्षेत्रातील मूलभूत दोष आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : रेल्वे-प्रतिकृती, रंगनिश्चिती, पाठचिकित्सा, प्रक्षेप, दख्खनची राणी, नॅरोगेज, संग्रहालय.

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याचा आणि रेल्वेचा संबंध जवळपास दीड शतकाचा आहे. नागपूर-छत्तीसगड ही मीटरगेज रेल्वे १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत राजनांदगावपर्यंत पोहोचली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती ताब्यात घेऊन तिचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर केले. वरठी येथील भंडारा रोड आणि तुमसर रोड ही स्थानके याच मार्गावरची. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारी शाखा मँगनीजच्या खाणींचा पट्टा जोडते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत गोंदिया हे नॅरोगेज गाड्यांचे मोठे जंक्शनही भंडारा जिल्ह्यातच मोडत होते.

यांपैकी नॅरोगेजचे जग आता संपले आहे. सातपुड्यातील जबलपूर-नैनपूर मार्गावरील छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली आणि इतवारी-नागभीड मार्गावरील गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली. पवनी परिसरातील ज्या पिढीने या गाडीने प्रवास केला, तिच्या स्मरणात ती आहे. पण आज महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना तिचा डबा पाहायचा असेल तर संग्रहालय, छायाचित्र किंवा प्रतिकृती एवढेच मार्ग उरतात. नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाले. पुण्यातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून खुले आहे. अशा संस्थांमुळे आणि खाजगी संग्राहकांमुळे हा वारसा टिकून आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

तथापि प्रतिकृतींविषयी जे बोलले वा लिहिले जाते, त्यात बांधणीची सफाई, चाकांची हालचाल, मापांची अचूकता यांचा उल्लेख होतो. रंगाचे मात्र ‘हुबेहूब’ या एकाच शब्दावर भागवले जाते. हुबेहूब कशाशी, कोणत्या वर्षाच्या डब्याशी आणि कोणत्या पुराव्याच्या आधारे, हे प्रश्न विचारले जात नाहीत. जी वस्तू उद्या साधन म्हणून वापरली जाणार आहे, तिच्याबाबत हे प्रश्न टाळणे अभ्यासकाला परवडणारे नाही.

दोन सत्यांची गल्लत

जुन्या प्रतिकृतीच्या रंगाविषयी बोलताना दोन निराळे प्रश्न एकत्र मिसळले जातात. पहिला प्रश्न असा की, ही प्रतिकृती कारखान्यातून वा कारागिराच्या हातून बाहेर पडली तेव्हा तिचा रंग कोणता होता? दुसरा असा की, ज्या खऱ्या डब्याची ती प्रतिकृती आहे त्याचा रंग कोणता होता? पहिला प्रश्न वस्तूच्या इतिहासाचा आहे, दुसरा रेल्वेच्या इतिहासाचा. दोहोंची उत्तरे सारखी असतीलच असे नाही. अनेकदा ती नसतातच.

इंग्लंडमधील हॉर्नबी या प्रसिद्ध खेळण्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९२० मध्ये ‘ओ’ गेजच्या गाड्या आणि १९३८ मध्ये ‘हॉर्नबी-डब्लो’ ही लहान मापाची मालिका बाजारात आणली. त्या काळी एकाच साच्यातून निघालेला पत्र्याचा डबा वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांच्या रंगांत रंगवून विकला जाई. अशा डब्याचा रंग खऱ्या डब्याशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून तो ‘चुकीचा’ ठरवायचा का? खेळणे म्हणून तो पूर्णतः अस्सल आहे. उलट, एखाद्या उत्साही संग्राहकाने खऱ्या डब्याच्या नमुन्याबरहुकूम तो पुन्हा रंगवला, तर रेल्वेच्या दृष्टीने तो अधिक ‘बरोबर’ होईल; पण त्या काळच्या उत्पादकाने, ग्राहकाने आणि मुलाने रेल्वे कशी पाहिली याचा पुरावा मात्र कायमचा नष्ट होईल.

म्हणून ‘योग्य रंग’ हा शब्दप्रयोग एकट्याने अपुरा आहे. ‘कशाचा योग्य रंग’ हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ प्राप्त होत नाही. ही गोष्ट साधी असली तरी व्यवहारात तिचेच विस्मरण सर्वाधिक होते.

पाठचिकित्सेची दृष्टी

मराठी अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यासमोरही मूळ आणि मागाहून आलेले यांचा विवेक करण्याचाच प्रश्न होता. विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाने या कामाला जी शिस्त दिली, तिचे सार असे सांगता येईल : उपलब्ध प्रती गोळा कराव्यात, त्यांचे परस्परसंबंध ठरवावेत, पाठभेद नोंदवावेत, प्रक्षेप वेगळे काढावेत, पण वेगळे काढलेले टाकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवावेत.

रंगाच्या बाबतीत ही संज्ञावली चपखल बसते. प्रतिकृतीवरील रंगाचा प्रत्येक थर हा एक पाठ होय. नंतरच्या मालकाने दिलेला थर हा प्रक्षेप. धूर, ऊन आणि वार्निशचे पिवळेपण यांमुळे झालेला बदल हा लेखनिकाच्या अनवधानाने झालेल्या अपपाठासारखा. तर जाणकाराने ‘असेच असले पाहिजे’ म्हणून केलेला रंगबदल हा संपादकाने पदरची घातलेली ओवी.

येथे एक महत्त्वाचा फरक मात्र ध्यानात घ्यावा लागतो. पोथ्यांची तुलना करताना एकही पोथी नष्ट होत नाही. एका पोथीवर दुसरी ठेवली तरी दोन्ही वाचता येतात. रंगाच्या बाबतीत सर्व पाठ एकाच पृष्ठभागावर एकावर एक चढलेले असतात आणि खालचा पाठ वाचण्यासाठी वरचा पाठ खरवडावा लागतो. येथे वाचनाची क्रियाच विनाशाची क्रिया ठरू शकते. त्यामुळे ग्रंथसंपादकापेक्षा रंगचिकित्सकाकडून अधिक संयमाची अपेक्षा आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तुसंवर्धनासाठी घालून दिलेले तत्त्व येथे लागू पडते : जेथे अनुमान सुरू होते तेथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे आणि वेगवेगळ्या काळांत झालेल्या ग्राह्य भरींचाही आदर राखला पाहिजे.

‘दख्खनची राणी’ : एका वर्णनाची चिकित्सा

या पद्धतीची कसोटी पाहण्यासाठी महाराष्ट्रातील सर्वपरिचित गाडीचे उदाहरण घेता येईल. मुंबई-पुणे ‘डेक्कन क्वीन’ अर्थात ‘दख्खनची राणी’ १ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने सुरू केली. आरंभी तिचे सात-सात डब्यांचे दोन रेक होते. डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडमध्ये आणि वरचे सांगाडे कंपनीच्या माटुंगा कारखान्यात तयार झाले होते. रेल्वेने दिलेल्या माहितीनुसार एक रेक रुपेरी रंगाचा असून त्यावर स्कार्लेट रंगाच्या उठावदार पट्ट्या होत्या, तर दुसरा रॉयल ब्लू रंगाचा असून त्यावर सोनेरी रेषा होत्या.

हे वर्णन विश्वसनीय मानले तरी प्रतिकृती रंगवण्यास ते पुरेसे आहे काय, हा खरा प्रश्न आहे. त्यातून पहिला बोध असा मिळतो की, एकाच गाडीचे, एकाच वर्षी, दोन ‘योग्य’ रंग होते. निळ्या प्रतिकृतीकडे पाहून ‘राणी रुपेरी होती’ असा आक्षेप घेणारा आणि रुपेरी प्रतिकृतीला ‘निळी हवी होती’ म्हणणारा हे दोघेही अर्धे बरोबर असतात. दोघेही चुकतात ते ‘एकच’ रंग असला पाहिजे या गृहीतकात.

दुसरा मुद्दा शब्दांचा आहे. ‘रॉयल ब्लू’ हे नाव आहे, नमुना नव्हे. ‘ब्रिटिश स्टँडर्ड ३८१ सी’ या रंगतालिकेत आज रॉयल ब्लू नावाचा १०६ क्रमांकाचा रंग आहे. परंतु १९३० मध्ये माटुंग्यात वापरलेला रंग तोच होता, असे केवळ नावाच्या साम्यावरून म्हणता येत नाही. नाव तेच राहून आशय बदलणे हा शब्दार्थाच्या इतिहासातील नेहमीचा अनुभव आहे. जुन्या पोथीतील शब्दाला आजच्या कोशातील अर्थ चिकटवणे जसे धोक्याचे, तसेच जुन्या रंगनावाला आजच्या शेड कार्डावरील चौकोन चिकटवणे.

तिसरा मुद्दा काळाचा. या गाडीचे मूळ रेक १९६६ मध्ये बदलून पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बनलेले डबे जोडण्यात आले. पुढेही गाडीच्या रंगसंगतीत बदल होत गेले आणि जून २०२२ मध्ये नव्या बनावटीच्या डब्यांसह हिरवी-लाल रंगसंगती आली. त्यामुळे ‘डेक्कन क्वीनची प्रतिकृती’ एवढाच मथळा असलेली पाटी काहीच सांगत नाही. वर्ष आणि रेक यांचा निर्देश नसलेली प्रतिकृती ही कालनिर्देश नसलेल्या पोथीसारखी आहे.

छायाचित्राची साक्ष

शाब्दिक वर्णन अपुरे असेल तर छायाचित्र पाहावे, असा साहजिक विचार येतो. तथापि कृष्णधवल छायाचित्र ही रंगाबाबत अत्यंत फसवी साक्ष आहे. १९३० च्या आसपास सामान्य वापरातील बरीचशी फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक प्रकारची होती. कोडॅकची १९३१ मध्ये आलेली लोकप्रिय ‘व्हेरिक्रोम’ फिल्मही त्याच जातीची. ही फिल्म निळ्या व हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देते, लाल प्रकाशाला जवळजवळ देत नाही. परिणामी लाल वस्तू छायाचित्रात काळपट उमटते आणि निळी वस्तू डोळ्यांना दिसते त्यापेक्षा फिकट. सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पँक्रोमॅटिक फिल्म उपलब्ध असली तरी कोणते छायाचित्र कोणत्या फिल्मवर घेतले, हे माहीत असल्याखेरीज करड्या छटेवरून रंग ओळखता येत नाही.

हाच नियम वरील उदाहरणाला लावून पाहावा. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर रुपेरी डब्याच्या स्कार्लेट पट्ट्या काळ्या दिसतील. पाहणारा त्या काळ्या किंवा गडद निळ्या समजेल. दुसऱ्या रेकचा गडद निळा रंग मध्यम करडा दिसेल. त्यावरच्या सोनेरी रेषा मात्र अपेक्षेपेक्षा गडद उमटून निळ्यात मिसळून जातील. अशा छायाचित्राच्या आधारे ‘या डब्यावर सोनेरी रेषा नव्हत्याच’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे फिल्मचा दोष डब्याच्या माथी मारणे होय. छायाचित्रात न दिसणे हा अभावाचा पुरावा नव्हे.

रंगीत छायाचित्रांबाबतही सावधगिरी हवी. फिल्ममधील रंगद्रव्ये कालांतराने असमान वेगाने उडतात, छपाईत छटा बदलतात आणि संगणकाच्या प्रत्येक पडद्यावर तोच रंग निराळा दिसतो. म्हणून रंगीत छायाचित्राचा उपयोग छटा ठरवण्यापेक्षा मांडणी ठरवण्यासाठी, म्हणजे पट्टा कोठून कोठपर्यंत होता, छत वेगळ्या रंगाचे होते काय, अक्षरे कोठे होती, यांसाठी करणे अधिक श्रेयस्कर.

द्रव्याची साक्ष

शब्द आणि छायाचित्र यांपेक्षा बलवत्तर साक्षीदार म्हणजे स्वतः रंगद्रव्य. जुने तैलरंग प्रामुख्याने जवसाच्या तेलात खलले जात. विदर्भातील वाचकाला जवस आणि त्याच्या तेलाचे गुणधर्म अपरिचित नाहीत. हे तेल हवेत सुकून कडक होते, पण काळ जातो तसे पिवळे पडते. वार्निशचेही तेच. त्यामुळे मूळचा पांढरा आज दुधी किंवा फिकट पिवळसर दिसतो आणि निळ्यावर पिवळ्या वार्निशचा पडदा आला की तो हिरवट भासतो. जुन्या प्रतिकृतीवरील ‘क्रीम’ पट्टा मूळचा खरोखर क्रीम होता की पांढरा, हे वार्निश ध्यानात घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

रंगद्रव्यांचे स्वभावही वेगवेगळे असतात. शिसेयुक्त पांढरा गंधकयुक्त वायूंच्या संपर्काने काळवंडतो आणि कोळशाच्या इंजिनांच्या काळात असे वायू हवेत मुबलक होते. ‘लेक’ जातीचे तांबडे रंग, विशेषतः ‘क्रिमसन लेक’, प्रकाशात उडतात. लोहमातीपासून बनलेला ‘रेड ऑक्साइड’ मात्र दीर्घकाळ टिकतो. त्यामुळे दोन द्रव्यांच्या मिश्रणातून बनलेल्या तांबड्या छटेतील एक द्रव्य उडून गेले की उरलेली छटा तपकिरीकडे झुकते. आज तपकिरी दिसणारा डबा मूळचा तपकिरीच होता असे मानणे म्हणूनच घाईचे ठरते.

द्रव्ये कालनिर्णयासही साहाय्यक होतात. टायटॅनियमचा पांढरा रंग साधारणतः १९२० च्या आसपास बाजारात रुळू लागला. फ्थॅलोसायनीन निळा १९३५ मध्ये व्यापारी स्वरूपात आला. म्हणून १९३० सालची म्हणवणाऱ्या एखाद्या निळ्या प्रतिकृतीच्या रंगात फ्थॅलोसायनीन आढळले, तर तो थर नंतरचा आहे किंवा प्रतिकृतीच नंतरची आहे, असा निर्णय देता येतो. अर्वाचीन शब्द आढळल्यावर ओवीला प्रक्षिप्त ठरवणाऱ्या संपादकाचाच हा तर्क आहे. मात्र हा तर्क एकाच दिशेने चालतो, हे विसरता कामा नये. नवे द्रव्य आढळणे हा अर्वाचीनत्वाचा पुरावा आहे. जुने द्रव्य आढळणे हा प्राचीनत्वाचा पुरावा नाही, कारण जुनी द्रव्ये पुढेही वापरात राहतात.

नमुना कोठून घ्यावा, हेही महत्त्वाचे. खऱ्या डब्यावर एखाद्या कोपऱ्यात थर पायरीपायरीने घासून रंगांचा क्रम पाहता येतो. प्रतिकृतीवर तेवढी जागाही नसते आणि तेवढा अधिकारही नसतो. तेथे ऊन व हात यांपासून बचावलेल्या जागा शोधाव्यात : छताच्या काठाखालची कड, डब्याची आतली बाजू, बोगीच्या स्क्रूखालील चकतीने झाकलेला भाग, खिडकीच्या काचेमागची किनार. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव असल्याने येथील वाचकास कल्हई ठाऊक आहे. जुन्या खेळण्यांचा टिनप्लेटचा पत्रा हा लोखंडावर कथिलाचा मुलामा दिलेला पत्राच असतो आणि अनेकदा त्यावर ब्रशने रंग न देता लिथोग्राफीने छपाई केलेली असते. अशा छापील रंगावर स्पिरिट किंवा थिनर लावून पाहणे म्हणजे पुरावा पुसून टाकणे.

मापाचा आणि प्रकाशाचा प्रश्न

खऱ्या डब्याचा रंग निश्चित झाला तरी तोच डबीतला रंग प्रतिकृतीला लावावा काय, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. मोठा डबा आपण दुरून, मधल्या हवेच्या थरातून पाहतो. प्रतिकृती हातभर अंतरावरून पाहतो. तोच रंग लहान पृष्ठभागावर अधिक गडद भासतो, म्हणून तो किंचित फिका करावा असे एक मत. दुसरे मत असे की, एकदा फिका करण्याची मुभा दिली की किती फिका याला मर्यादा राहत नाही आणि प्रत्येकाची आवड हेच प्रमाण बनते.

या वादात काही साधी गणिते उपयुक्त ठरतात. भारतीय ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर. १:८७ या मापाने ती सुमारे १९.३ मिलिमीटर व्हायला हवी. पण या मापाचे प्रचलित रूळ १६.५ मिलिमीटरचे असल्याने भारतीय गाड्यांच्या अनेक प्रतिकृती त्यांवरच उभ्या असतात. रंगाचा ३० मायक्रॉनचा थर प्रतिकृतीवर नगण्य वाटतो, परंतु त्याच मापाने मोठा केला तर तो अडीच मिलिमीटरहून जाड होईल. असा थर कोणत्याही खऱ्या डब्यावर नसतो. याचा अर्थ प्रतिकृती ही मुळातच तडजोडींची, म्हणजे अर्थनिर्णयाची कृती आहे. भाषांतरकार जसा मूळ शब्दाऐवजी त्याचा परिणाम आणू पाहतो, तसाच प्रतिकृतिकार. म्हणून छटा फिकी करणे हा दोष नव्हे. फिकी केल्याचे न सांगणे हा दोष होय.

प्रकाशाचा मुद्दा त्याहून दुर्लक्षित आहे. दोन रंगनमुने उन्हात अगदी सारखे दिसतात आणि ट्यूबलाइटखाली वेगळे. भौतिकशास्त्रात याला ‘मेटॅमेरिझम’ म्हणतात. भिन्न द्रव्यांनी तीच छटा साधली असेल तर असे घडते. पुनर्रंगवलेली जागा दिवसा लपून राहते आणि संग्रहालयाच्या दिव्याखाली उघडी पडते, याचे कारण हेच. छटा जुळवताना ती किमान दोन प्रकारच्या प्रकाशात तपासावी, हा नियम म्हणूनच आवश्यक ठरतो.

मराठी रंगनामे आणि स्मृती

रंगनिश्चितीचा एक पदर भाषेचा आहे. भारतीय रेल्वेच्या प्रवासी डब्यांचा विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सर्वत्र दिसणारा रंग इंग्रजीत ‘मरून’ म्हणून ओळखला जातो. १९९० च्या दशकात त्याची जागा निळ्या रंगसंगतीने घेण्यास सुरुवात केली. या ‘मरून’ला मराठीत कोणी विटकरी म्हणतो, कोणी तपकिरी, कोणी किरमिजी, तर कोणी नुसताच तांबडा. हे शब्द परस्परांचे पर्याय नव्हेत. तपकिरी हा शब्द तपकिरीच्या पुडीवरून आला. किरमिजी शब्दाचे मूळ रंग देणाऱ्या किड्याच्या अरबी नावात आहे आणि इंग्रजी ‘क्रिमसन’ही त्याच मुळातून आला. ‘मरून’ मात्र चेस्टनट या फळाच्या फ्रेंच नावावरून आला आहे. विटकरी म्हणावे तर वीट मातीप्रमाणे आणि भट्टीतल्या आचेप्रमाणे रंग बदलते.

ब्रिटिश रंगतालिकेत ‘क्रिमसन’ ५४० क्रमांकाचा, तर ‘मरून’ ५४१ क्रमांकाचा आहे. दोन्ही शेजारी असूनही भिन्न आहेत. ब्रिटिश रेल्वेनेच १९४९ नंतर डब्यांसाठी क्रिमसन-क्रीम आणि १९५६ पासून मरून अशी दोन वेगळी रूपे वापरली. त्या काळच्या खेळण्यांतही हा बदल उमटला. मराठीत दोहोंना ‘किरमिजी’ म्हटले की सात वर्षांचे अंतर पुसले जाते. म्हणून मराठी पाटीवर रंगाचे मराठी नाव अवश्य असावे, पण त्यासोबत तालिकेतील क्रमांकही असावा. मराठी नाव वाचकाला रंगाजवळ नेते आणि क्रमांक त्याला तेथे स्थिर करतो.

याच अंगाने स्मृतीचे मूल्यमापन करावे लागते. निवृत्त रेल्वे कर्मचारी आणि जुने प्रवासी यांच्या आठवणी मौल्यवान आहेत; परंतु त्यांच्या स्मरणातील डबा कारखान्यातून नुकताच बाहेर पडलेला नसतो. तो धुराने माखलेला, उन्हात विटलेला, दोन रंगकामांच्या मधला डबा असतो. ही स्मृती खोटी नव्हे. ती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘कारखान्याने कोणता रंग दिला’ याचे उत्तर तिच्याकडून मागू नये; ‘लोकांनी कोणता रंग पाहिला’ याचे उत्तर मात्र तिच्याइतके दुसरे कोणी देऊ शकत नाही.

भंडाऱ्याच्या मार्गाचे उदाहरण

हा विचार स्थानिक पातळीवर लागू केला तर त्याचे महत्त्व स्पष्ट होते. भंडारा रोडवरून जाणारा एखादा डबा बंगाल-नागपूर रेल्वेचा म्हणून रुळांवर आला असेल, तर १९४४ मध्ये सरकारने कंपनीचा कारभार हाती घेतला, १९५२ मध्ये हा मार्ग पूर्व रेल्वेत आणि १९५५ मध्ये दक्षिण-पूर्व रेल्वेत समाविष्ट झाला. २००३ पासून तो दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेत आहे. प्रशासन बदलले की आद्याक्षरे बदलतात, बोधचिन्ह बदलते आणि पुढच्या रंगकामाच्या वेळी रंगही बदलू शकतो. मात्र सर्व डबे एकाच दिवशी रंगवले जात नाहीत. त्यामुळे संक्रमणाच्या काळात एकाच गाडीत जुन्या व नव्या रंगांचे डबे असणे स्वाभाविक होते. अशा मिश्र गाडीची प्रतिकृती ‘विसंगत’ म्हणून नाकारणे म्हणजे इतिहासापेक्षा नियमावलीवर अधिक विश्वास ठेवणे होय.

नॅरोगेजच्या बाबतीत निकड अधिक आहे. मार्ग बंद झाल्यावर कारखान्यातील नोंदी, उरलेल्या रंगाच्या डब्या, भंगारात निघालेले पत्रे हे सर्व झपाट्याने नाहीसे होते. त्यानंतर तयार होणारी प्रत्येक प्रतिकृती ही आधीच्या प्रतिकृतीची किंवा छायाचित्राची नक्कल असेल आणि एका नकलेतील चूक पुढील सर्व नकलांत उतरेल. पोथ्यांच्या वंशावळीत एका प्रतीतील अपपाठ तिच्या सर्व संततीत जसा आढळतो, तसाच हा प्रकार आहे. पाच प्रतिकृती एकाच रंगाच्या आहेत म्हणून तो रंग सिद्ध होत नाही. त्या पाचही एकाच प्रतीवरून उतरल्या असतील तर साक्षीदार पाच नव्हे, एकच आहे.

निष्कर्ष

१. जुन्या प्रतिकृतीबाबत ‘मूळ रंग’ म्हणताना प्रतिकृतीचा रंग अभिप्रेत आहे की खऱ्या डब्याचा, हे स्पष्ट केले पाहिजे.

२. खऱ्या डब्याचा ‘योग्य रंग’ हा वर्ष, रेल्वे प्रशासन, कारखाना आणि रेक यांच्या निर्देशासहच सांगता येतो. निर्देशाविना केलेले विधान तपासता येत नाही.

३. पुराव्यांचा क्रम ठेवावा : झाकलेल्या जागेतील द्रव्य, कारखान्याच्या नोंदी, समकालीन लिखित वर्णन, रंगीत छायाचित्र, कृष्णधवल छायाचित्र, स्मृती आणि शेवटी इतर प्रतिकृती. खालच्या पुराव्याने वरच्याला पूरक व्हावे, त्याला रद्द करू नये.

४. रंगनिर्णय ‘निश्चित’, ‘संभाव्य’ किंवा ‘अनुमानित’ यांपैकी कोणत्या दर्जाचा आहे, हे पाटीवर नमूद करावे. छटा मापासाठी फिकी केली असल्यास तेही सांगावे.

५. जुनी प्रतिकृती खऱ्या डब्याच्या रंगाशी जुळवण्यासाठी पुन्हा रंगवू नये. खऱ्या डब्याचा रंग दाखवायचा असेल तर नवी प्रतिकृती करावी आणि दोन्ही शेजारी ठेवाव्यात. मूळ संहिता आणि संपादकाचे अनुमान एकाच पानावर, पण वेगवेगळ्या जागी असावे, हीच चिकित्सक आवृत्तीची रीत आहे.

या कामास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, इतिहास आणि मराठी हे विभाग एकाच महाविद्यालयाच्या आवारात असतात. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मचा प्रयोग, जवसाच्या तेलाच्या पिवळेपणाची नोंद, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मुलाखती आणि मराठी रंगनामांचा संग्रह हे चार विद्यार्थी-प्रकल्प एकमेकांना जोडले, तर या परिसरातील लुप्त झालेल्या छोट्या गाडीच्या रंगांची साधार सूची तयार होऊ शकते. त्या गाडीने प्रवास केलेली पिढी साक्ष देण्यास उपलब्ध आहे, तोवरच हे काम होणे इष्ट आहे.